समाजकार्य परवाना परीक्षेची पूर्वतयारी : अमेरिकेतील अनुभव व आपल्यापुढील प्रश्न

प्रस्तावना :
भारतात समाजकार्याचे औपचारिक शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झाले. तथापि पदवीनंतर व्यवसायासाठी परवाना परीक्षा देण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली नाही. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ च्या अनुसूचीत वैद्यकीय व मनोविकार समाजकार्यकर्त्यांचा समावेश असून, समान परवाना परीक्षेची तरतूदही या कायद्यात आहे. या पार्श्वभूमीवर अमेरिकेतील परीक्षेचा परिचय उद्बोधक ठरेल.

परीक्षेचे स्वरूप :
अमेरिकेत परवाना प्रत्येक राज्याचे मंडळ देते. परीक्षा मात्र १९७९ साली स्थापन झालेली, राज्यांच्या मंडळांची संघटना घेते. पदवी, पदव्युत्तर, चिकित्सालयीन असे तिचे स्तर आहेत. चिकित्सालयीन परवान्यासाठी पदव्युत्तर शिक्षणानंतर पर्यवेक्षणाखालील कामाचा अनुभवही आवश्यक असतो. प्रश्न बहुपर्यायी असले तरी त्यांचा भर स्मरणापेक्षा उपयोजनावर असतो.

तयारीची दिशा :
एक उदाहरण घेऊ. समुपदेशनासाठी आलेली स्त्री 'आता जगण्यात अर्थ नाही' असे म्हणते. समाजकार्यकर्त्याने सर्वप्रथम काय करावे? मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवणे, कुटुंबीयांना बोलावणे, समुपदेशनाची उद्दिष्टे ठरवणे आणि आत्महत्येच्या विचारांची थेट चौकशी करणे, असे चार पर्याय आहेत. चारही कृती केव्हा ना केव्हा योग्य ठरू शकतात. परंतु प्रश्नाचा गाभा 'सर्वप्रथम' या शब्दात आहे. धोका किती हे कळल्याशिवाय पुढील निर्णयाला व गोपनीयतेच्या भंगाला आधार मिळत नाही. म्हणून चौथा पर्याय बरोबर होय.

यावरून तयारीची तीन सूत्रे स्पष्ट होतात. प्रथम सुरक्षितता पाहावी; हस्तक्षेपापूर्वी मूल्यनिर्धारण करावे; सेवार्थीच्या स्वयंनिर्णयाचा आदर राखावा. अनुभवी उमेदवार पुष्कळदा आपल्या संस्थेतील रिवाजानुसार उत्तर देतात व चुकतात. सराव करताना बरोबर उत्तरावर खूण करून थांबू नये. उरलेले तीन पर्याय का नाकारले, हे एकेका वाक्यात लिहून काढावे. स्वतःच्या विचारातील उणीव त्यातूनच दिसते.

परीक्षेच्या मर्यादा :
२०२२ साली या संघटनेने उत्तीर्णतेची वांशिक आकडेवारी प्रसिद्ध केली. २०२१ मध्ये चिकित्सालयीन परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात श्वेतवर्णीयांपैकी सुमारे ८४ टक्के, तर कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्के उमेदवार उत्तीर्ण झाले. ही तफावत सामाजिक विषमतेतून येते की प्रश्नांच्या रचनेतून, यावर तेथे तीव्र वाद झाला. विषमतेविरुद्ध उभ्या राहिलेल्या व्यवसायाचे प्रवेशद्वारच विषम असावे काय, हा त्यातील मूळ प्रश्न होय.

समारोप :
आपल्याकडे अशी परीक्षा आल्यास मराठी माध्यमातून शिकलेल्या, ग्रामीण व आदिवासी भागांतील विद्यार्थ्यांपुढे भाषेचा अडसर उभा राहू शकतो. क्षेत्रकार्याच्या साप्ताहिक बैठकीत 'आधी काय आणि का' हा प्रश्न प्राध्यापकांनी नित्य विचारला, तर विद्यार्थ्यांची तयारी आजच सुरू होईल. परीक्षा झाली वा न झाली, तरी तिचा लाभ अखेर सेवार्थीलाच मिळेल.