उरलेल्या भाताला फोडणी, वर्ध्याच्या उन्हात

फोडणीच्या भाताला ताजा भात चालत नाही. कुकर उघडल्याबरोबर भात कढईत टाकला तर त्याचा गोळा होतो आणि सराट्याने हलवला की लगदा. रात्रीचा गार भात मात्र बोटांनी छान सुटा होतो. मग मोहरी, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्यांत कितीही परतला तरी दाणा न् दाणा वेगळा राहतो. शिजताना पाणी पिऊन फुगलेला स्टार्च गार झाल्यावर पुन्हा आवळून बसतो, म्हणून दाण्याला हा ताठपणा येतो. उरलं म्हणून भागवून नेलेला हा पदार्थ नव्हेच. त्याला उरलेलाच भात लागतो.

वर्धा शहराला खेटून असलेल्या सिंदी मेघेत (सिंदी रेल्वे वेगळी, ती सेलू तालुक्यात) नोकरदारांच्या घरी सकाळच्या घाईत हा भात नाही तर फोडणीची पोळी ठरलेली. पोळ्या हातानेच कुस्कराव्यात. मिक्सरमध्ये घातल्या की त्यांचा भुगा होतो आणि खाताना तोंडात कोरडं पीठ आल्यासारखं वाटतं. कुस्करा फार वाळला असेल तर ताकाचा हबका मारायचा, फोडणीत कांदा लालसर होऊ द्यायचा, हळद-तिखट घालून दोन मिनिटं झाकण ठेवायचं, वरून सांबार भुरभुरायचा. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याच्या पाहुण्याला आधीच सांगितलेलं बरं. त्याच कुस्कऱ्यात गूळ-तूप घातलं की मुलांच्या डब्याला लाडू होतात.

तुरीच्या वरणाचा प्रकार आणखी गमतीचा. गंजात उरलेलं वरण सकाळपर्यंत थिजून घट्ट होतं. त्यात पाणी घालून, फोडणी देऊन उकळलं आणि कणकेची पोळी लाटून तिच्या शंकरपाळ्यासारख्या वड्या आत सोडल्या की वरणफळं तयार. वर कच्चं तेल किंवा तूप. वरण अगदीच वाटीभर असेल तर ते थेट कणकेत मळायचं, तीळ-ओवा-तिखट घालायचं. पाण्याचा थेंबही न घालता पराठे होतात.

या सगळ्यात एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. अनेक घरांत शिळं कोणाच्या ताटात जातं, हे ठरलेलं असतं: ताजं बाकीच्यांना, कालचं घरच्या बाईला. त्याच पोळीला फोडणी दिली की ती सगळ्यांच्या ताटात जाते. पदार्थाचं रूप बदलण्यामागे काटकसर असते हे खरं, पण वाटणीही बदलते, आणि ती जास्त महत्त्वाची.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली दिलेल्या अंदाजानुसार जगभरातल्या घरांतून वर्षाला ६३ कोटी टनांहून अधिक अन्न वाया जातं. भारतात हा आकडा माणशी ५५ किलोच्या आसपास आहे. चौघांच्या घरात दिवसाला साधारण ६०० ग्रॅम. त्यात साली, देठं, बियाही धरल्या आहेत, त्यामुळे सगळंच काही खाण्याजोगं नाही.

देठांची आठवण वर्ध्यात निघावी हे ओघाने आलंच. सिंदी मेघेपासून जवळच असलेल्या मगनवाडीत १९३५ साली गांधीजी आहाराचे प्रयोग करत होते. मुळा-गाजराचा पाला लोक टाकून देतात तो खावा, असं त्यांनी त्याच वर्षी ‘हरिजन’मध्ये लिहिलं. मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून केलेली भाजी आजही इथल्या घरांत होते. गांधीजी मात्र पाला कच्चाच खायला सांगत.

आता उन्हाचं. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर जातो, रात्रीही हवा तापलेलीच असते. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवून मरत नाहीत आणि भात उबदार जागी पडून राहिला की वाढू लागतात. उलटी आणणारं त्यांचं विष तर फोडणीच्या आचेलाही दाद देत नाही. म्हणजे कढईत चरचरला म्हणून बिघडलेला भात सुधारत नाही. शिजलेलं अन्न दोन तासांत फ्रीजमध्ये जावं, पारा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच. भात खोल गंजात झाकून ठेवण्यापेक्षा परातीत पसरला तर लवकर निवतो, मग डब्यात भरून आत ठेवता येतो. फ्रीजने सोय केली तशी एक खोडही लावली: मागच्या कप्प्यात ढकललेली वाटी चार दिवसांनी सापडते आणि तेव्हा तिचं काहीच होत नाही.

भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणानंतर हा हिशेब अवघड होतो. पुरण, आंबील, कढी, सोळा भाज्या, आणि माणसं किती येतील याचा नेम नाही. पुरण फ्रीजमध्ये टिकतं, त्याच्या पोळ्या दुसऱ्या दिवशीही लाटता येतात. कटाची आमटी तर मुरल्यावरच चांगली लागते. भाज्या डब्याडब्यांनी शेजारी जातात. तरीही उरलंच तर ‘गाईला घाला’ म्हणून ढीगभर भात-पोळ्या रस्त्याकडेला ठेवल्या जातात. एकदम इतकं शिजवलेलं धान्य पोटात गेलं की जनावराच्या पोटात आम्ल वाढतं, अपचनाने ते आजारी पडतं, क्वचित दगावतंही. अन्न प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं असेल तर पिशवीही पोटात जाते. परसात जागा असेल तर या उरल्यासुरल्याला खताचा खड्डा बरा. वर पालापाचोळ्याचा थर टाकला की वासही येत नाही.