झूम आणि उजेडाचा हिशोब

बडोद्याला तयार झालेला आग्फा क्लिक थ्री, नंतर याशिका एमएफ-२, कोडॅक केबी-१०. आपल्याकडच्या जुन्या कपाटांतून हेच कॅमेरे बहुधा निघतात. यांच्यात समोरचं मोठं दिसायला हवं, तर फोटो काढणाऱ्यानंच चार पावलं पुढे जायचं. धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्ग किल्ल्याच्या तटावर उभं राहून हे कसं करायचं, ते कॅमेरा बनवणाऱ्यांनी सांगितलं नव्हतं.

१९८६मध्ये जपानच्या आसाही कंपनीनं पेंटॅक्स झूम-७० आणला. ३५ मिमी फिल्मच्या आटोपशीर कॅमेऱ्यांत झूम लेन्स असलेला हा पहिला. बटण दाबलं की मोटर लेन्सला ३५ वरून ७० मिमीपर्यंत नेते आणि व्ह्यूफाइंडरमधलं दृश्यही तिच्यासोबत बदलतं. ३५ मिमीवर मोठ्यात मोठं अ‍ॅपर्चर एफ/३.५, ७० वर एफ/६.७. भागाकार करून पाहा: भोक दोन्ही वेळा जेमतेम दहा मिलिमीटरचंच! म्हणजे दृश्य दुप्पट जवळ येतं आणि उजेड चौथाईवर येतो. लेन्स लहान ठेवायची, तर हा तोटा सोसावाच लागतो. या जातीच्या कॅमेऱ्यांचे बहुतेक गुण-अवगुण मला याच हिशोबातून निघालेले दिसतात.

धाराशिव जिल्ह्यात उन्हाची ददात नाही. मे महिन्यात परंड्याच्या किल्ल्यावर हा कॅमेरा १०० आयएसओच्या रोलवरही खुशाल चालेल. पण नळदुर्गला लोक जातात ते पावसाळ्यात. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यात, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, पाणीमहाल बांधला; नदी भरली की त्याच्या अंगावरून नर आणि मादी हे धबधबे कोसळतात. तेव्हा आभाळ भरलेलं असतं. अशा उजेडात १०० चा रोल आणि ७० मिमी लेन्स असली, तर शटर सेकंदाच्या सत्तराव्या भागाच्या आसपास येतं. हातात धरून ७० मिमीवर न हलता फोटो यायला जुना ठोकताळा नेमका तेवढाच वेग मागतो. थोडं आणखी अंधारलं की संपलं. म्हणून रोल ४०० चाच घालावा. रोलच्या डबीवरचे काळे-चंदेरी चौकोन, म्हणजे कोडॅकनं १९८३मध्ये आणलेला डीएक्स कोड, वाचून कॅमेरा फिल्मचा वेग स्वतःच ठरवतो.

फ्लॅशचा भरवसा धरू नये. लांबच्या टोकाला त्याचा पल्लाही जवळपास निम्मा होतो. धाराशिव लेण्यांच्या मोठ्या दालनात मागची भिंत त्यामुळे काळीच येते. धबधब्यासमोर तर तो फक्त उडणारे तुषार उजळतो.

फोकसचीही एक खोड आहे. या पिढीचे अनेक कॅमेरे अवरक्त किरण सोडून अंतर मोजतात. तेरच्या लामतुरे संग्रहालयासारख्या ठिकाणी, फोटोची परवानगी मिळाली तरी, मध्ये कपाटाची काच येते. समोरासमोर उभं राहिलं तर किरण काचेवरूनच परततो आणि आतली मूर्ती धूसर येते. थोडं तिरकं उभं राहावं.

आज असा कॅमेरा विकत घेताना बाहेरच्या ओरखड्यांकडे बघू नका. ताजी बॅटरी घालून लेन्स पूर्ण बाहेर-आत चार-पाच वेळा करून बघा. अडखळली तर नको म्हणा. आतली नाजूक पट्टी तुटली असेल, तर सुटे भाग मिळणं कठीण. आणि स्वतः मात्र कधी उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो लगेच उतरत नाही.