‘थँक यू’ म्हणायचं की ‘जुनीच आहे गं’?

‘अय्या, किती छान साडी!’ असं कुणी म्हणालं की आपल्या तोंडून पटकन काय निघतं? ‘अगं, जुनीच आहे. लक्ष्मी रोडवर सेलमध्ये मिळाली.’ तीच साडी नेसून आपण इंग्रजी संभाषणाच्या वर्गात जातो. तिथं ‘आय लाइक युवर सारी’ ऐकलं की उत्तरही तेच, फक्त इंग्रजीतून: ‘नो, नो, व्हेरी ओल्ड!’ मग शिकवणाऱ्या बाई थांबवतात. ‘नो नो नाही म्हणायचं. नुसतं थँक यू.’

आता गंमत ऐका. खुद्द अमेरिकन माणसं तरी नुसतं थँक यू म्हणतात का? रॉबर्ट हर्बर्ट या भाषाअभ्यासकानं १९८० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटन विद्यापीठात कौतुकाला मिळालेली १,०६२ उत्तरं गोळा केली. कौतुक सरळ स्वीकारणारी उत्तरं त्यात साधारण ३६ टक्केच निघाली! बाकीच्यांचं काय? कुणी म्हणतं बहिणीनं दिला, कुणी म्हणतं स्वस्तात मिळाला, कुणी ‘खरंच आवडला?’ असं उलट विचारतं, तर कुणी समोरच्याचंच कौतुक करून मोकळं होतं. म्हणजे आपली लक्ष्मी रोडची गोष्ट अमेरिकेतही अगदी चालण्यासारखी आहे.

असं का होतं, ते अनिता पोमरँट्झ यांनी १९७८ मध्येच नेमकं सांगितलं होतं. कौतुक झालं की माणूस दोन्हीकडून ओढला जातो. समोरच्याचं म्हणणं खोडू नये, आणि स्वतःची टिमकीही वाजवू नये. साडी कुठून आणली ते सांगितलं की दोन्ही साधतं. म्हणून शिकणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: सेलची गोष्ट टाकून देऊ नका. पुढचं ‘नो नो’ काढा, त्या जागी ‘थँक यू’ ठेवा आणि मग खुशाल लक्ष्मी रोडवर या.

कौतुक करणं तर त्याहून सोपं. जोन मेन्स आणि नेसा वुल्फसन यांनी १९८१ मध्ये अमेरिकन इंग्रजीतल्या ६८६ कौतुकांचा अभ्यास मांडला. विशेषण असलेल्या कौतुकांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश कौतुकं पाचच शब्दांवर भागली होती: नाइस, गुड, ब्यूटिफुल, प्रिटी आणि ग्रेट. क्रियापद वापरायचं तर बहुतेक वेळा लाइक नाहीतर लव्ह. वाक्यांचे साचेही तीनच, आणि त्यांत ८५ टक्के कौतुकं बसली. जाडजूड शब्दकोश पाठ करायची गरजच नाही!

या पाचांतल्या दोघांचा इतिहास मात्र चटकदार आहे. ‘नाइस’चं मूळ लॅटिनमध्ये, आणि तिथं त्याचा अर्थ अडाणी. जुन्या इंग्रजीत ‘प्रिटी’च्या पूर्वजाचा अर्थ होता धूर्त, लबाड.

फसवे शब्द वेगळेच. आपल्याकडच्या लग्नाच्या जाहिरातींतला ‘होमली’ म्हणजे घर सांभाळणारी, साधी मुलगी. अमेरिकेत कुणाच्या बायकोला प्रेमानं ‘होमली’ म्हणालात, तर त्याचा अर्थ होतो दिसायला बेताची. ब्रिटिश माणूस ‘क्वाइट गुड’ म्हणाला तर हुरळून जाऊ नका, बहुतेक वेळा त्याला ‘ठीक आहे’ एवढंच म्हणायचं असतं. ‘वजन उतरलं वाटतं!’ हे अमेरिकेत कौतुक समजलं जातं. आपल्या आजीला मात्र ‘बारीक झालीस गं’ म्हणताना काळजी वाटत असते, आणि पुढच्याच क्षणी ती ताटात आणखी एक पोळी वाढते.

चीनमध्ये कौतुकावरचं ठरलेलं उत्तर ‘नाली, नाली’, म्हणजे शब्दशः ‘कुठे, कुठे?’ आपल्या ‘कसचं काय’ची सख्खी बहीणच! शिआन शहरातल्या विद्यार्थ्यांवरच्या १९९३ च्या अभ्यासात जवळपास ९५ टक्के उत्तरं कौतुक नाकारणारी होती. त्याच शहरातल्या, २०१० मध्ये आलेल्या अभ्यासात ६० टक्क्यांहून जास्त उत्तरं स्वीकारणारी निघाली. एका पिढीच्या आत माणसं कौतुक घ्यायला शिकली, हे वाचून मला फार बरं वाटलं.

न्यूझीलंडमधला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. जॅनेट होम्स यांच्या अभ्यासात तो नोंदलेला आहे. गोऱ्या बाईनं सामोअन मैत्रिणीच्या गळ्यातल्या हाराचं कौतुक केलं, आणि मैत्रीण तो हारच द्यायला निघाली! कौतुक करणारी ओशाळली. सामोअन रीत मात्र सरळ आहे: आवडला ना, मग तुझा. अरबी बोलणाऱ्या सीरियातही वस्तूचं कौतुक झालं की ‘ती तुमचीच’ म्हणायची पद्धत आहे. बहुतेकदा ते बोलण्यापुरतं असतं, हे नव्यानं आलेल्या पाहुण्याला कोण सांगणार?

आणि माझं सगळ्यात लाडकं उत्तर फारसीतलं. इराणी माणसाला तुमचं अमुक सुंदर आहे म्हणा, तो म्हणतो, ‘तुमचे डोळेच सुंदर बघतात.’ वर्गात हेच इंग्रजीत शब्दशः म्हटलं तर ऐकणारा गोंधळतो आणि आपल्या डोळ्यांविषयी काय चाललंय म्हणून पाहत राहतो. तरी अशा विद्यार्थ्याची चूक दुरुस्त करायला माझं मन धजणार नाही. हे उत्तर इंग्रजीनं उसनं घ्यावं, आणि मराठीनंसुद्धा.