बोटी उडवल्याचे व्हिडिओ, पवनारचं भाषण आणि आपला ड्रग्ज कायदा : 'युद्ध' म्हटलं की काय बदलतं?

मध्यंतरी तुमच्याही फीडमध्ये ते व्हिडिओ आले असतील. वरून घेतलेलं काळं-पांढरं चित्र, समुद्रात एक छोटी बोट, आणि दुसऱ्या क्षणी आगीचा लोळ. सप्टेंबर 2025 पासून अमेरिकेच्या लष्कराने कॅरिबियन समुद्रात आणि पॅसिफिकमध्ये अशा बोटी उडवायला सुरुवात केली. या बोटींतून ड्रग्ज येत होती, असं अमेरिकेचं म्हणणं. वर्ष संपेपर्यंत यात शंभरावर माणसं मारली गेली. त्यांच्यावर खटला चालला नाही. बोटीत काय होतं, ती माणसं कोण होती, हे कुठल्याही कोर्टापुढे सिद्ध करावं लागलं नाही.

कमेंट्समध्ये मात्र आपल्याकडचेही बरेच लोक टाळ्या वाजवत होते. "ड्रग्जवाल्यांना असंच पाहिजे."

हे प्रकरण समजून घ्यायचं तर वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून सुरुवात करता येते.

सप्टेंबर 1939 मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतही युद्धात उतरल्याचं जाहीर करून टाकलं. प्रांतांत निवडून आलेली सरकारं होती, त्यांना विचारलंसुद्धा नाही. युद्ध ब्रिटनचं, माणसं आणि पैसा इथला. वर्षभराने, 17 ऑक्टोबर 1940 रोजी, धाम नदीकाठच्या पवनारमध्ये विनोबा भावे भाषणाला उभे राहिले. या युद्धाला माणसं देऊ नका, पैसा देऊ नका, एवढंच त्यांचं सांगणं होतं. 21 ऑक्टोबरला त्यांना अटक झाली.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना 'वैयक्तिक सत्याग्रह : पहिले विनोबा, दुसरे नेहरू' ही ओळ पाठ असते. पण ते नेमकं काय केलं म्हणून आत गेले, हे फारसं कुणी विचारत नाही. त्यांनी रूळ उखडले नव्हते की ठाणं जाळलं नव्हतं. गुन्हा होता तो बोलण्याचा. युद्धाविरुद्ध शांतपणे बोलू द्या, हीच तर गांधीजींची मागणी होती. नेहरूंना याच आंदोलनात चार वर्षांची शिक्षा झाली, आणि 1941 च्या मध्यापर्यंत वीस हजारांहून जास्त लोक तुरुंगात गेले.

बोलू न देण्याची किंमत पुढे वेगळ्याच लोकांनी मोजली. 1942 मध्ये जपानी येतील या भीतीने सरकारने बंगालच्या किनारी भागातल्या हजारो होड्या काढून घेतल्या किंवा मोडल्या. त्या होड्यांवर मासेमारी चालायची, धान्याची ने-आण चालायची. 1943 च्या दुष्काळात तिथे सुमारे 30 लाख माणसं मेली. कारणं बरीच होती, पण युद्धासाठी घेतलेले निर्णय त्यातलं एक मोठं कारण. मेलेल्यांना या युद्धाबद्दल कुणी मत विचारलं नव्हतं.

आता नशेकडे येऊ. गंमत म्हणजे याच पवनारमध्ये आज दारूचं अधिकृत दुकान नाही, कारण वर्धा जिल्ह्यात सुमारे पन्नास वर्षं दारूबंदी आहे. गांधी-विनोबांची भूमी म्हणून ती आली. पुढे 1993 मध्ये गडचिरोलीत, 2015 मध्ये चंद्रपुरात. चंद्रपूरची 2021 मध्ये उठलीसुद्धा. दारूबंदीवर आपल्याकडे कडाडून भांडण होतं. बायकांचे मोर्चे निघतात, चोरटी दारू पकडली जाते, हप्त्यांचे आरोप होतात, निवडणुकीत मुद्दा येतो. बंदी असावी की नसावी, यावर या लेखात निकाल द्यायचा नाही. पण या बंदीला कायद्याची एक चौकट आहे. मुंबई राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा सुप्रीम कोर्टात गेला, तेव्हा 1951 मध्ये कोर्टाने त्याचा बराचसा भाग कायम ठेवला. मात्र दारूची नुसती स्तुती करणं हाही गुन्हा, असं जे कलम होतं ते रद्द केलं, कारण ते भाषणस्वातंत्र्याच्या आड येत होतं. म्हणजे सरकार दुकान बंद करू शकतं, तोंड बंद करू शकत नाही.

बंदीचं 'युद्ध' झालं की ही चौकटच ढिली पडते.

1971 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांना देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवलं. शत्रू म्हटलं की सैन्य आलं. शत्रू परक्या देशात असेल तर सैन्याचा पैसाही तिकडे जातो. 2000 मध्ये 'प्लॅन कोलंबिया' सुरू झाला आणि पुढच्या वर्षांत अमेरिकेचे अब्जावधी डॉलर कोलंबियाच्या लष्कराला आणि पोलिसांना मिळाले. विमानांतून कोकाच्या शेतांवर तणनाशक फवारलं गेलं. शेजारच्या केळीवर, कसाव्यावर, घरांवरही ते पडलं. 2015 मध्ये ही फवारणी थांबवली, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्या रसायनाला, ग्लायफोसेटला, 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं होतं. हे नाव आपल्या कापूसवाल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचं आहे.

त्याहून भयंकर प्रकार वेगळाच. 2002 पासून हाच अमेरिकी पैसा बंडखोरांविरुद्धही वापरायची मुभा मिळाली. त्या काळात कोलंबियाच्या लष्करात यश मोजायचं ते प्रेतांवर. जितके बंडखोर मारले तितकी रजा, बक्षीस, बढती. मग गरीब घरातल्या पोरांना कामाच्या आमिषाने लांब न्यायचं, मारायचं, बंडखोराचे कपडे चढवायचे आणि चकमक दाखवायची. तिथल्या शांतता न्यायालयाने 2021 मध्ये जाहीर केलेला आकडा : 2002 ते 2008 या काळात किमान 6,402 माणसं. बोगोताजवळच्या सोआचा गावातल्या आया फोटो घेऊन रस्त्यावर उतरल्या म्हणून हे बाहेर आलं.

आणि कोका? संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीनुसार 2000 मध्ये कोलंबियात सुमारे 1 लाख 63 हजार हेक्टरवर कोका होता. 2023 मध्ये तो सुमारे 2 लाख 53 हजार हेक्टरवर गेला. मेक्सिकोत डिसेंबर 2006 मध्ये सैन्य रस्त्यावर आलं. 2022 मध्ये बेपत्ता माणसांची सरकारी नोंद एक लाखाच्या पुढे गेली.

आपल्याकडे ड्रग्जसाठी बॉम्ब पडत नाहीत. पण 'युद्धा'ची भाषा कायद्यात शिरलेली आहे. एनडीपीएस कायदा 1985 चा, आणि त्याच्यामागे 1961 च्या आंतरराष्ट्रीय कराराचं ओझं आहे. 1989 मध्ये तो आणखी कडक केला. ठरावीक मोठ्या प्रमाणाच्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर फाशी, न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नाही. मुंबई हायकोर्टाने जून 2011 मध्ये ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. 2014 च्या दुरुस्तीने संसदेनेही ती काढली. फाशी मात्र पर्याय म्हणून राहिलीच.

रोजच्या व्यवहारात जास्त छळतं ते कलम 37. व्यावसायिक प्रमाणाच्या गुन्ह्यात (गांजासाठी ही रेषा 20 किलोची) जामीन हवा असेल तर 'आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे' असं कोर्टाला आधीच वाटावं लागतं. खटला उभाही राहिलेला नसताना! शिवाय मनात गुन्ह्याचा हेतू होता हे कोर्ट गृहीत धरतं, नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचं. आंध्र-ओडिशाकडून नागपूरमार्गे येणारा गांजा पकडला की हातात सापडतो तो बहुधा ड्रायव्हर नाहीतर दोन-चार हजारांसाठी पिशवी घेऊन रेल्वेत बसलेला माणूस. माल कुणाचा, हे पुढे कळतंच असं नाही. मार्च 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीतल्या गांजाच्या एका प्रकरणातल्या तरुणाला जामीन दिला. तोवर तो सात वर्षांहून जास्त काळ आत होता आणि खटला अर्धवटच होता.

आर्यन खानचं प्रकरण सगळ्यांनी पाहिलं. ऑक्टोबर 2021 मध्ये अटक, जवळजवळ चार आठवडे कोठडीत, आणि मे 2022 मध्ये एनसीबीच्या आरोपपत्रात त्याचं नावच नाही. त्याच्याकडे मोठे वकील होते आणि कॅमेरे दारात होते. पिशवीवाल्याच्या बातमीला सहसा दोनच ओळी मिळतात, तीही पकडलं त्या दिवशी.

याच कायद्यात 64-अ नावाचं एक कलम आहे. अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला तयार झाली आणि उपचार पूर्ण केले, तर तिच्यावरचा खटला टळू शकतो. ओळखीतला कुणी पकडला गेला तर पहिल्याच दिवशी वकिलाला या कलमाबद्दल विचारा.