घर विकत घेताना

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. पण आमच्यासारख्यांना घर बांधणे कोठून परवडणार? कोणाचे तरी जुने घर विकत घ्यावे, एवढीच आमची झेप. असे घर घेताना काय पाहावे, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. आम्ही ते पंचवीस हजार रुपये गमावून शिकलो, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली करतात. वीस वर्षे भाड्याच्या खोलीत काढल्यावर गेल्या चैत्रात त्यांनी नदीच्या बाजूचे एक जुने घर पाहिले. रंग ताजा, फरशी नवी. घरात कागद वाचणारा मी एकटाच. नावे, सह्या, शिक्के तपासून मी ऐटीत म्हणालो, "आबा, सगळं ठीक आहे." त्यांनी पंचवीस हजार इसार दिला.

नंतर आई घर पाहायला आली. तिने भिंतीवर तळहात टेकला आणि म्हणाली, "भिंत आतनं वली हाय रं." जन्मभर भिंती सारवलेल्या हाताला जे कळले, ते मला कळले नव्हते. मग पाटण तालुक्यातून मामांना बोलावले. ते गवंडी आहेत. त्यांनी अर्ध्या दिवसात जे दाखवले, ते असे.

पहिली गोष्ट ओल. जमिनीतले पाणी विटांतून वर चढते आणि वाळताना आपल्याबरोबर आणलेले क्षार भिंतीवर सोडते. यालाच आपण लोणा म्हणतो. रंगाने तो झाकतो, जात नाही. म्हणून रंगाऱ्याचा हात पोहोचत नाही तेथे पाहावे : कपाटामागे, जिन्याखाली, मोरीच्या पाठीमागे. खालचा तीन-चार फूट गिलावाच नवा असेल, तर कारण विचारावे. सांगलीत ते कारण बहुधा पूर असते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. 'पाणी कोठवर आले होते?' हा प्रश्न मालकाला नव्हे, शेजाऱ्याला विचारावा. आम्ही उशिरा विचारला. एका आजोबांनी दाराच्या चौकटीवर बोट ठेवून दाखवले. पूररेषेच्या नकाशावरही पाहावे. निळ्या रेषेच्या आतली जागा शक्यतो घेऊच नये.

दुसरी गोष्ट तडे. गिलाव्यावरच्या केसाएवढ्या रेघांना भिऊ नये. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघून रुंद होत जाणारा तडा पाया खचल्याचे सांगतो. आपल्याकडची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल, तर भिंत तिच्याबरोबर हलते. तड्यावर कागदाची पट्टी चिकटवून महिनाभराने पाहावी. पट्टी फाटली तर तडा वाढतो आहे असे समजावे.

तिसरी गोष्ट दगडमातीची भिंत. सातारा भागात अशी घरे पुष्कळ. भिंतीला पोट सुटले असेल, तर आतले व बाहेरचे दगड एकमेकांपासून सुटले आहेत. दोन्ही अंगांना बांधणारे आरपार दगड नसले की असे होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. मामांच्या गावी ती आठवण अजून निघते. म्हणून ते आधी ओळंबा लावतात, मग चहा घेतात.

चौथी गोष्ट लाकूड. तुळया आणि वासे ठोकून पाहावेत. आवाज पोकळ आला, तर दाभण टोचावे. ते सहज आत गेले की वाळवीने काम केलेच म्हणून समजा. तुळईचे भिंतीत गेलेले टोक आधी कुजते.

राहता राहिले कागद. मिळकत पत्रिका, दुय्यम निबंधकाकडील तीस वर्षांचा शोध आणि बँकेचा बोजा पाहावाच. वडिलोपार्जित घर असेल, तर मुलींच्याही सह्या हव्यात. २००५ च्या दुरुस्तीने त्यांना मुलाइतकाच हक्क आहे.

इसार परत मिळेना, तेव्हा आम्ही वकिलांकडे गेलो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याने त्याला ठाऊक असलेला दोष सांगितला पाहिजे. परंतु तो दोष घेणाऱ्याला साध्या काळजीने न दिसणारा असावा लागतो. वकील म्हणाले, "तुमच्या आईंना तो हात लावताच कळला ना?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आबा पंचवीस हजार सोडून मुकाट्याने यार्डात कामावर गेले. मला एका शब्दाने बोलले नाहीत, हेच मला जास्त लागले.

तेव्हा वाचकहो, घर चैत्रात पाहू नका, आषाढात पाहा. आणि इसार देण्यापूर्वी गवंडी न्या, नंतर नको. आमचा शोध अजून चालू आहे. आता आई पुढे जाते, आणि मी कागद घेऊन तिच्या मागून.