मनःस्वास्थ्य : खर्च कीं भांडवल ?

जुन्या पेढ्यांच्या वह्यांत धर्मादाय खातें निराळें आणि व्यापाराचें खातें निराळें असे. काम करणाऱ्यांच्या सुखदुःखाचा विचार आजही पुष्कळ मालक पहिल्या खात्यांत मांडतात. म्हणजे नफा उरला तर करावयाचें पुण्यकर्म, न उरला तर सोडून द्यावयाची हौस. ही मांडणीच सदोष आहे. कामाच्या जागीं मन स्वस्थ असणें आणि तेथें सर्व प्रकारच्या माणसांस मानानें स्थान मिळणें, ही गोष्ट दयेची तर आहेच. परंतु ती रोकड हिशेबाचीही आहे.

हा विचार पश्चिमेकडून आलेला नवा माल आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सूत्राध्यक्षाचें प्रकरण आहे. राज्याच्या सूतकताईच्या कामावर विधवा, व्यंग असलेल्या स्त्रिया, कुमारिका, संन्यासिनी इत्यादिकांस लावावें, असें तेथें सांगितलें आहे. ज्या स्त्रिया घराबाहेर पडत नाहींत, त्यांस दासींच्या हातीं काम पोहोंचवावें. ज्या पहांटे सूतशाळेंत येतील, त्यांच्या मुखाकडे अध्यक्षानें पाहूं नये, कामावांचून अन्य भाषण करूं नये. दिवा सूत पारखण्यापुरताच असावा. वेतन देण्यास विलंब करणाऱ्या अध्यक्षास दंड सांगितला आहे. हें सारें केवळ करुणेपोटीं लिहिलें, असें म्हणवत नाहीं. कारण वेतन घेऊन काम न करणारीस त्याच प्रकरणांत अंगठ्याची क्रूर शिक्षा आहे. आचार्यांची दृष्टि कोशावर होती. समाजानें कोपऱ्यांत बसविलेल्या हातांस निर्भय व सोयीचें काम दिलें, तर कोश वाढतो, एवढें त्यांनीं ओळखलें होतें.

आतां आपल्या नागपुराकडे वळूं. जमशेटजी टाटा यांनीं तेथें १८७७ सालीं एम्प्रेस मिल सुरू केली. कामकऱ्यांची गैरहजेरी ही तेथील मोठी अडचण होती. दंडाचा उपाय हाताशीं होता. पण जमशेटजींनीं भविष्यनिर्वाह निधि, अपघाताची भरपाई, खेळांचे आणि बक्षिसांचे दिवस अशी वाट धरली. ती गिरणी आज चालू नाहीं. परंतु तोच धडा पुढें जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यानें गिरविला. तेथें १९१२ सालीं आठ तासांचा दिवस आणि १९१५ सालीं मोफत औषधोपचार सुरू झाले.

आजचा हिशेब तर जागतिक संस्थांनींच मांडला आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनीं २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें, केवळ उदासीनता व चिंता या दोन विकारांपायीं जगांत दरवर्षीं सुमारें १२०० कोटी कामाचे दिवस बुडतात आणि एक लाख कोटी डॉलरांचें उत्पादन हातचें जातें. हें नुकसान होतें कसें ? शरीर आजारी असलें म्हणजे माणूस रजा घेतो. मन आजारी असलें म्हणजे तो बहुधा खुर्चीवर येऊन बसतो. हजेरीपटावर तो उपस्थित, पण कामांत अनुपस्थित. मग चुका होतात, त्या भयानें लपविल्या जातात, आणि वाढल्यावर उघडकीस येतात. अखेर शिकवून तयार केलेला माणूस सोडून जातो. नव्यास शिकविण्यांत पुन्हां काळ आणि पैसा जातो. ज्या कचेरींत स्त्रीचें म्हणणें मध्येंच तोडलें जातें, अपंगास जिना चढतां येत नाहीं, किंवा आडनांव ऐकून माणसाची पारख होते, तेथें तर बुद्धि असूनही ती वापरली जात नाहीं. विकत घेतलेला नांगर अंगणांत गंजूं देण्यासारखेंच हें होय.

कायद्यानेंही ही बाजू मान्य केली आहे. अपंगांच्या हक्कांसंबंधींच्या २०१६ च्या कायद्यानें मनोविकाराचा समावेश २१ प्रकारांच्या अपंगत्वांत केला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें शारीरिक आजाराप्रमाणेंच मनोविकारासही विमा देण्याचें बंधन घातलें. सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनि-सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. परंतु भिंतीवर योगासनांचें चित्र लावून रात्रीं अकरा वाजतां निरोप धाडणाऱ्या वरिष्ठास कोणता कायदा शहाणपण देणार ? कामाची मर्यादा, वेळेवर वेतन, चूक सांगण्याची निर्भयता आणि ऐकून घेणारा वरिष्ठ, हीं चार औषधें स्वस्त आहेत; म्हणूनच बहुधा त्यांची किंमत कळत नाहीं.

हा विषय कचेरीचा, आमच्या घराचा नव्हे, असें वाचकांनीं व गृहिणींनीं म्हणूं नये. संध्याकाळीं थकून आलेल्या मुलास किंवा सुनेस आपण पगारवाढीबद्दल जितक्या वेळां विचारतों, तितक्या वेळां झोप लागते कीं नाहीं, हें विचारतों काय ? दुसरें असें, कीं प्रत्येक मोठें कुटुंब हें स्वतः एक मालक आहे. आपल्या घरीं स्वयंपाकास व धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईस आठवड्याची एक सुट्टी ठरलेली आहे काय ? तिची कपबशी अजून वेगळी ठेवली जाते काय ? ती आजारी पडली तर पैसे कापले जातात काय ? दोन-दोन महिन्यांनीं बाई बदलते, अशी तक्रार जेथें नेहमीं ऐकूं येते, तेथें दोष बायांचा असेल, तसाच घराचाही असूं शकेल. हिशेबाची वही प्रथम तेथें उघडावी.