कार्डाचा वटाव आणि दुकानाची रोजकीर्द

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे दोन पांढऱ्या जिनसांकरिता प्रसिद्ध आहे: एक कापूस आणि दुसरी चांदी. 1870 साली जलंबहून तेथवर लोहमार्गाचा फाटा आला तो कापसासाठी. 'रजतनगरी' हे नाव पडले ते चांदीमुळे. अशा पेठेला हुंडी हा शब्द परका नव्हे. हुंडी वटविताना तिच्या रकमेतून जे कापले जाई त्यास हुंडणावळ किंवा वटाव म्हणत, आणि जाणता दिवाणजी हुंडीची पुरी रक्कम एकीकडे व वटाव निराळ्या खात्यात लिही. हुंडीचा तो काळ सरला. गल्ल्याशेजारी आता कार्ड घेणारे यंत्र आले आहे, आणि त्याच्याबरोबर वटावही परत आला आहे. फरक इतकाच की, हा वटाव दुकानदाराच्या हातून दिला जात नाही. तो वाटेतच कापला जातो. म्हणूनच कित्येक वह्यांत त्याची नोंद होत नाही.

कार्डाने व्यवहार होताच पैसा थेट गिऱ्हाइकाकडून दुकानदाराकडे जात नाही. कार्ड देणारी बँक, यंत्र बसविणारी बँक, आणि दोहोंमध्ये निरोप पोहोचविणारी रुपे किंवा व्हिसा यांसारखी संस्था, असे तिघे मध्ये उभे असतात. तिघांचा मेहनताना दुकानदाराच्या रकमेतून निघतो, आणि त्याचा मोठा वाटा बहुधा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. ही रीत नवी नाही. 1950 साली न्यूयॉर्क शहरात डायनर्स क्लबाने कार्ड काढले, तेव्हा तो उपाहारगृहांकडून शेकडा 7 घेत असे. भारतात रिझर्व्ह बँकेने डेबिट कार्डावरील आकारास मर्यादा घातल्या. 1 जानेवारी 2018 पासून ज्याची मागील वर्षाची उलाढाल 20 लाखांपर्यंत आहे अशा लहान दुकानदाराकडून यंत्रावरील व्यवहारास शेकडा 0.40 हून अधिक, आणि एका व्यवहारास 200 रुपयांहून अधिक घेऊ नये, असे ठरले. मोठ्यांस हीच मर्यादा 0.90 व 1,000 रुपये. पुढे 1 जानेवारी 2020 पासून रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवरील हा आकार शून्य करण्यात आला. क्रेडिट कार्डास मात्र अशी मर्यादा घातली गेली नाही. तेथे करारात लिहिलेला दर हाच दर.

आता एक व्यवहार पाहावा. पुण्याचे एक कुटुंब शेगावचे दर्शन उरकून खामगावास येते आणि नातवाच्या उष्टावणासाठी चांदीची वाटी घेते. वाटीची किंमत 10,000 रुपये, तीवर शेकडा 3 प्रमाणे वस्तू व सेवा कर 300, एकूण 10,300 रुपये. आजोबा क्रेडिट कार्ड पुढे करतात. करारातील दर शेकडा 2 आहे असे धरले, तर बँकेचा आकार 206 रुपये होतो. ह्या आकारावर बँक शेकडा 18 प्रमाणे सेवेचा कर लावते, तो 37 रुपये 8 पैसे. (व्यवहार 2,000 रुपयांपर्यंतचा असता, तर हा कर लागला नसता.) दुसऱ्या दिवशी दुकानाच्या खात्यावर 10,056 रुपये 92 पैसे जमा होतात.

येथेच चूक घडते. घाईत असलेला लेखनिक बँकेचा उतारा पाहतो आणि 10,056.92 हीच विक्री म्हणून वहीत उतरवितो. त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नाही. जेवढे आले तेवढे लिहिले! पण ह्या रकमेतून 3 टक्के कर वेगळा काढला की विक्री 9,764 रुपये आणि कर 292.92 दिसतो. सरकारचे येणे मात्र 300 आहे, कारण कर विक्रीच्या किमतीवर बसतो, बँकेतून हाती आलेल्या रकमेवर नव्हे. एका वाटीमागे 7 रुपये 8 पैसे कर कमी भरला गेला. वर्षभराच्या विक्रीत ही तूट साचत जाते, आणि दुकानाच्या पावत्या एक आकडा सांगतात तर वही दुसराच.

बरोबर नोंद दोन पायऱ्यांनी होते. विक्रीच्या दिवशी, पैसा अद्याप आलेला नसताना, 'कार्ड येणे' ह्या खात्याच्या नावे 10,300 रुपये पडतात. विक्री खाती 10,000 जमा आणि कर खाती 300 जमा. पैसा आला त्या दिवशी बँकेच्या नावे 10,056.92, 'कार्ड वटाव' ह्या खर्चखात्याच्या नावे 206, बँकेस दिलेल्या कराच्या नावे 37.08, आणि 'कार्ड येणे' खाती 10,300 जमा. मधले खाते कोरे झाले. कराचे 37.08 रुपये नियमित नोंदणी असलेल्या दुकानदाराला नियमांनुसार आपल्या देण्यातून वजा करता येतात, मात्र त्यासाठी बँकेचे करपत्रक हाती असावे लागते. आपसमेळ योजनेतील दुकानदारास ही सवलत नाही. त्याच्या दृष्टीने 243.08 हा सर्वच खर्च.

हे मधले खाते पुष्कळांना उगाच वाढविलेले काम वाटते. वास्तविक सर्वांत उपयोगी तेच. बँक दिवसभराच्या अनेक व्यवहारांची एकच रक्कम पाठविते, आणि तीही वटाव कापून. कधी यंत्राचे मासिक भाडेही त्यातूनच जाते, ज्याचे खाते वटावाहून निराळे असावयास हवे. कधी दिवसाअखेर यंत्रावरील हिशेब बंद करावयाचा राहून जातो आणि पैसा निघतच नाही. जो केवळ आलेली रक्कम लिहितो त्याला न आलेली रक्कम कशी कळावी? 'कार्ड येणे' खात्यावर ती शिल्लक म्हणून उभी राहते. 31 मार्चला विकलेल्या मालाचा पैसा एप्रिलमध्ये आला, तरी ती विक्री सरत्या वर्षाचीच असते. ताळेबंदात ती ह्याच खात्यामुळे योग्य जागी बसते.

वटाव वेगळा लिहिण्याचे आणखी एक कारण नफ्याचे आहे. चांदीच्या धंद्यात मालाची किंमत मोठी आणि दुकानदाराचा वाटा लहान. वरील वाटीवर त्याला 500 रुपये सुटत असतील, तर त्यांतील 206 वटावातच गेले, म्हणजे पाचांतील दोन हिश्श्यांहून अधिक. विक्रीच्या आकड्यातच तो मुरला, तर नफा कमी का पडला ह्याचा शोध दुकानदार भाव, घट आणि मजुरी यांत घेत बसेल. वर्षाचा वटाव एका ठिकाणी दिसला की बँकेशी दराविषयी बोलता येते, किंवा मोठ्या खरेदीस यूपीआयचा मार्ग सुचविता येतो. 'कार्ड दिल्यास दोन टक्के जास्त' असे गिऱ्हाइकास सांगण्याचा सोपा मार्ग काही दुकानदार धरतात. डेबिट कार्डाच्या बाबतीत दुकानदारांनी हा आकार गिऱ्हाइकावर लादू नये, हे पाहण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना 2017 च्या परिपत्रकातच सांगितले आहे.

राहता राहिला परत आलेला माल. वाटी आवडली नाही म्हणून कुटुंबाने परत केली आणि पैसा कार्डावरच परत गेला, तर पुरे 10,300 परत जातात. विक्री व कर यांच्या नोंदी उलट्या फिरवाव्या लागतात. बँकेने घेतलेला वटाव परत मिळेल की नाही हे करारावर अवलंबून असते. तो परत न आल्यास 206 रुपये वटाव खात्यावर तसेच राहू द्यावयाचे.